फॅशन डिझाइनसाठी चित्रकला चांगली असणे पुरेसे आहे का?

प्रश्न : मागवाला_इचलकरंजी

सर्वांना नमस्कार. इचलकरंजीत माझा यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. माझी मुलगी यंदा बारावीला वाणिज्य शाखेत असून तिला फॅशन डिझाइन शिकायचे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत तिला ए श्रेणी मिळाली, आणि तिच्या वह्या घागऱ्यांच्या व झग्यांच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. मात्र सुईत दोरा ओवण्यापलीकडे तिला शिवणकाम येत नाही. माझे स्वतःचे ज्ञान ग्रे कापडाचा, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या, न रंगवलेल्या कापडाचा तागा व्यापाऱ्याकडे रवाना होईपर्यंतचेच आहे. त्या कापडाचे पुढे काय होते, याचा विचार मी तीस वर्षांत केला नाही, आणि आता मुलगी नेमके तेच शिकू पाहते आहे.

या अभ्यासक्रमात चार वर्षे काय शिकवतात, ज्याचे चित्र चांगले त्याला तो जमतोच असे म्हणता येईल का, आणि खारघरच्या निफ्टमध्ये (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेत) प्रवेश मिळाला नाही तर खासगी महाविद्यालय कशावरून पारखावे, हे जाणकारांनी सांगावे. एका संस्थेच्या समुपदेशकांनी दूरध्वनीवर नोकरीची हमी दिली, परंतु शिवणयंत्रे किती आहेत या प्रश्नावर त्यांनी माहितीपुस्तिका पाठवतो एवढेच सांगितले.

उत्तर : सईची_आई

माझी मुलगी याच वाटेने गेली असल्याने प्रवेशापुरते सांगते. निफ्ट ही केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील संस्था १९८६ साली सुरू झाली आणि २००६ च्या कायद्याने तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तेथील चार वर्षांच्या बी.डेस. (डिझाइनमधील) पदवीसाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, त्यामुळे वाणिज्य ही अडचण नाही. प्रवेशात सर्जनशीलतेच्या लेखी चाचणीला ५० टक्के, सामान्य क्षमता चाचणीला ३० टक्के आणि सिच्युएशन टेस्टला २० टक्के भार असतो. सिच्युएशन टेस्टमध्ये दिलेल्या साहित्यातून हाताने प्रतिकृती करायची असते. पुठ्ठा, तार, कापडाचे तुकडे यांच्याशी खेळण्याची सवय नसलेली, पण चित्र उत्तम काढणारी मुले तेथे अडखळताना मी पाहिली आहेत. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, याची मराठी माध्यमाच्या मुलांनी आधीच तयारी ठेवावी.

अहमदाबादच्या एनआयडीचे (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचे) नाव आपण ऐकले असेलच. तेथे पदवीला वस्त्र डिझाइन आहे, वेशभूषेचा अभ्यासक्रम मात्र पदव्युत्तर पातळीवर गांधीनगरला आहे. पुण्यात सिंबायोसिसच्या डिझाइन संस्थेत फॅशन शिकवतात. तिची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

उत्तर : मांजरपाट

मी पुण्यातील एका महाविद्यालयात पॅटर्न मेकिंग, म्हणजे कपड्याचे कागदी साचे काढणे, शिकवते. दादा, आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, आणि ते म्हणजे शिवणयंत्रांबद्दलचे.

चित्राला महत्त्व आहे, पण ते या शिक्षणाचे दार आहे, घर नव्हे. पहिले वर्ष बहुतेक ठिकाणी पायाभूत असते : रंग, रेषा, भूमिती, साहित्य हाताळणे. खरी कसोटी दुसऱ्या वर्षी लागते. तेव्हा विद्यार्थिनीला छाती, कंबर, पाठ, खांदा ही मापे घेऊन तपकिरी कागदावर अंगाचा मूळ साचा काढावा लागतो. त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. सपाट कागद गोलाईच्या शरीरावर बसवायचा, तर कोठेतरी जास्तीचा भाग मिटवावा लागतो, आणि तेच काम ब्लाउजवरचा टक करतो. हा टक छातीच्या बिंदूभोवती फिरवून खांद्यात, मुंढ्यात, काखेखाली किंवा कमरेत कोठेही नेता येतो, आणि त्याची जागा बदलली की अंगावरचे माप तेच राहूनही कपड्याचा चेहरा बदलतो. मुलींना हे ज्या दिवशी समजते, त्या दिवसापासून त्यांची चित्रे बदलतात, कारण शिवण कोठून जाणार हे ठरवल्याशिवाय त्या झगा रेखाटतच नाहीत. माझ्या वर्गातील काही उत्कृष्ट चित्रकार याच टप्प्यावर खचले आणि काही सुमार चित्रकार याच टप्प्यावर पुढे निघून गेले.

यानंतर ड्रेपिंग येते, म्हणजे पुतळ्यावर थेट कापड टाचण्यांनी बसवून आकार शोधणे. त्यासाठी मांजरपाट वापरतात, आणि येथे आपल्या मुलीला मिळणारा लाभ आपल्या लक्षात आलेला दिसत नाही. शहरातील बहुतेक मुलांना कापडाला उभा आणि आडवा धागा असतो, काठाला समांतर बेतलेली बाही आणि तिरकी बेतलेली बाही एकाच कापडाची असूनही वेगळी लोंबते, हे आम्हाला महिनाभर शिकवावे लागते. ताणा (उभा धागा), बाणा (आडवा धागा), पन्हा (कापडाची रुंदी) हे शब्द जिच्या घरात जेवणाच्या ताटावर बोलले जातात, तिला ते फक्त हाताने अनुभवायचे बाकी आहे. तिला आपल्याच मागावरचे पाच मीटर ग्रे कापड द्यावे. मात्र आधी ते गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून द्यावे, कारण सायझिंगची, म्हणजे विणण्यापूर्वी सुताला लावलेली, खळ असलेले कापड पुठ्ठ्यासारखे उभे राहते आणि त्यावर कापडाच्या पडण्याचा अंदाज चुकतो.

पुढच्या वर्षांत जाकिटासारखे अस्तराचे शिवण, होजिअरीचे कापड, वेशभूषेचा इतिहास, संगणकावरील पॅटर्न आणि उद्योगातील उमेदवारी हे सर्व असते. शेवटी स्वतःचा कपड्यांचा संच किंवा एखाद्या कंपनीतील प्रकल्प करावा लागतो. त्या संचाचे कापड, भरतकाम आणि छायाचित्रण हा खर्च शुल्काच्या आकड्यात धरलेला नसतो. तो आधी विचारून घ्यावा.

खासगी महाविद्यालय पारखताना प्लेसमेंटची भिंत पाहू नये. कार्यशाळेत जावे. एका तुकडीत विद्यार्थी किती आणि चालू स्थितीतील औद्योगिक शिलाई यंत्रे किती, पुतळे किती, ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधणारे यंत्र) कोणत्या अवस्थेत आहे, वर्गाची वेळ संपल्यावर कार्यशाळा उघडी असते का, हे पाहावे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी शिवलेला एखादा कपडा मागून घ्यावा आणि तो उलटा करावा. आतील दाब, शिवणीची टोके आणि मुंढ्याची बसण पाहिली की तेथे शिकवतात की केवळ शो करतात, हे आपल्यासारख्या कापडाच्या माणसाला पाच मिनिटांत कळेल. पदवी कोणत्या विद्यापीठाची आहे हे मात्र कागदावर पाहावे, तोंडी उत्तरावर जाऊ नये.

प्रवेशापूर्वी तिने परिसरातील एखाद्या टेलरकडे शिकावे की नाही, यावर माझे मत थोडे वेगळे आहे. यंत्र चालवायला अवश्य शिकावे. परंतु कापडावरच खडूने आखून बेतण्याची सवय लागली, तर ती पुढे मोडावी लागते.

उत्तर : कटिंगटेबल

वरील शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. मी निर्यातीचे कपडे बनवणाऱ्या कारखान्यात पॅटर्न विभागात आहे आणि माझे वडील ब्लाउज शिवणारे मास्तर होते. मास्तर कागद वापरत नाहीत, कारण त्यांच्यासमोर एक गिऱ्हाईक आणि एक कापड असते. कारखान्याला कागद लागतो, कारण तोच साचा पाच-सहा मापांत वाढवून हजारो नगांवर चालवायचा असतो. ही दोन वेगळी शास्त्रे आहेत आणि पहिले येणाऱ्याला दुसरे लवकर समजते, असा माझा अनुभव आहे. प्रिन्सेस कट आणि कटोरी या ब्लाउजच्या दोन बेतांतील फरक मी महाविद्यालयात जाण्यापूर्वी घरीच शिकलो होतो. महाविद्यालयाने मला त्याचे कारण आणि ते कागदावर मांडण्याची भाषा दिली.

मुलीच्या वहीबद्दल एक सूचना करतो. घागऱ्यांची आणखी पन्नास चित्रे काढण्याऐवजी तिने आजीची एखादी जुनी, पुढे गाठ मारायची खणाची चोळी मिळाली तर समोर ठेवून तिचा प्रत्येक तुकडा मोजून कागदावर उतरवावा. खणाच्या मर्यादित पन्ह्यातून काठ वाया न घालवता ती कशी बेतली आहे, हे ज्याने एकदा उलगडले, त्याला मुलाखतीत बोलायला स्वतःचे असे काही मिळते. नऊवारीचेही तसेच आहे. एकही शिवण नसताना त्यात चालता, बसता आणि शेतात राबता येते, आणि ते कोणत्या निऱ्यांमुळे साधते, हे रेखाटनांच्या क्रमाने दाखवता येईल.

नोकरीची हमी हा शब्द मी तरी ऐकून सोडून देतो. माझ्या तुकडीतील स्वतःच्या नावाचे लेबल चालवणारे अगदी थोडे आहेत. बाकीचे मर्चंडायझर (खरेदीदार आणि कारखाना यांच्यातील ऑर्डर सांभाळणारे), सहायक डिझायनर, माझ्यासारखे पॅटर्नवाले, किंवा चित्रपट आणि मालिकांच्या वेशभूषा विभागात आहेत. यातील बरीच कामे मोजपट्टी आणि तक्त्यांची आहेत, झगमगाटाची नाहीत.

प्रश्नकर्ता : मागवाला_इचलकरंजी

आपण सर्वांनी वेळ दिला, याबद्दल आभारी आहे. मांजरपाट ताईंनी सांगितल्याप्रमाणे ग्रे कापडाचा बरोबर एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद तुकडा मुलीने धुतला. वाळल्यावर तो ताण्याच्या दिशेने सुमारे पाच सेंटिमीटर आणि बाण्याच्या दिशेने दोन सेंटिमीटर आटला. तिने दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि मला विचारले की तुम्ही इतकी वर्षे हे कापड विकता, तर हे तुम्हाला ठाऊक होते का. ठाऊक होते, पण ते पुढच्याच्या मुंढ्यात अडकते, हे ठाऊक नव्हते.

माझा एकच प्रश्न उरला आहे. संस्था पाहायला नेमके केव्हा जावे? आम्हाला ज्यांनी बोलावले, त्यांनी सर्वांसाठी ठेवलेल्या रविवारच्या कार्यक्रमाची तारीख दिली आहे.

उत्तर : मांजरपाट

रविवारी जाऊ नका, त्या दिवशी यंत्रांवर आच्छादने असतात आणि पुतळ्यांवर माजी विद्यार्थ्यांचे कपडे. सत्र संपण्याच्या सुमारास, काम जमा करण्याच्या आठवड्यात, दुपारी चारनंतर जावे आणि मुलीला बरोबर न्यावे. त्या वेळी कार्यशाळेत किती मुले आहेत, एका यंत्रासाठी किती जण खोळंबले आहेत आणि शिक्षक खोलीत आहेत की नाहीत, हे तिला तिच्याच डोळ्यांनी दिसू द्यावे. आत सोडायला नकार मिळाला, तर तोही वहीत लिहून ठेवायला सांगा.