शब्दचर्चा : सैनिकांमधली ‘एकी’, ‘एकोपा’ की ‘एकजूट’?

प्रबंधकर्ती, सातारा
अपशिंगे मिलिटरी आणि आसपासच्या गावांतल्या माजी सैनिकांच्या मुलाखती घेणार आहे. विषय आहे तुकडीतलं ‘कोहिजन’, म्हणजे जवानांचं एकमेकांशी बांधलेलं असणं. मराठीत काय लिहावं? मार्गदर्शक ‘समूहसंसक्ती’ सुचवतात, पण प्रश्नावलीत तो शब्द कोण वाचणार? एकी, एकोपा, एकजूट यांतला कोणता घेऊ?

कृष्णाकाठ
एकोपा भावकीत, आळीत नांदतो. एकजूट नांदत नाही. ती कशासाठी तरी करावी लागते, टिकवावी लागते आणि फुटतेही. तुमच्या विषयात हा फरक फार मोलाचा आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मॅकून यांनी नेमकं हेच वेगळं काढलं: माणसं एकमेकांना आवडणं निराळं आणि एका कामाला बांधलेली असणं निराळं. कामगिरीशी नातं दुसऱ्याचं जास्त, असं त्यांचं म्हणणं. दोन्हींना ‘एकी’ म्हटलंत, तर उत्तरांची सरमिसळ होईल. शिवाय जवानाजवानांतला आडवा बंध आणि जवान-अधिकारी यांच्यातला उभा बंध, हेही वेगळे मोजा.

निवृत्त सुभेदार, कोरेगाव
ताई, शब्द कुठलाही घ्या, पण “तुमच्यात एकी होती का?” असं विचारू नका. पलटणीची अब्रू आहे, सगळे “होती” म्हणतील. असं विचारा: रात्रीच्या गस्तीला जोडीदार कोण घेतला असता? रजेवर जाणाऱ्या कोणाच्या हाती घरचे पैसे पाठवले असते? दोन्हींची नावं एकच येत नाहीत. ज्याच्याशी माझं कधी पटलं नाही, त्याच्या भरवशावर मी पोस्टवर निर्धास्त झोपलोय. आणि चार जण पारावर बसलेले असताना तर मुळीच विचारू नका. त्यांत जो हुद्द्यानं मोठा, त्याचंच उत्तर सगळ्यांचं होतं.

कृष्णाकाठ
सुभेदारसाहेब, याच पद्धतीला समाजमिती म्हणतात. मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी ती १९३४च्या ग्रंथात मांडली. कोण कोणाला निवडतो याचे बाण काढले की तुकडीतले गट आणि एकटी पडलेली माणसं दिसतात.

एकत्र बसवून विचारण्याबद्दल मात्र थोडं वेगळं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल चकमकीनंतर अख्ख्या कंपनीशी एकत्र बोलत. घटनाक्रम जुळवायला ते उपयोगी पडतं, एकाचा विसर दुसरा भरून काढतो. पण किती जणांनी गोळी झाडली याच्या त्यांच्या आकड्यांवर पुढच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या. शिल्स आणि जॅनोविट्झ या समाजशास्त्रज्ञांचा १९४८चा लेखही वाचा. जर्मन युद्धकैद्यांच्या मुलाखतींवरून त्यांनी दाखवलं की विचारसरणीपेक्षा जवळच्या सोबत्यांच्या छोट्या गटानं सैनिकाला लढतं ठेवलं.

ताई, एकाच सेक्शनचे (दहाएक जवानांच्या छोट्या तुकडीचे) दोघे मिळाले तर आधी वेगवेगळे भेटा, मग एकत्र.

प्रबंधकर्ती, सातारा
प्रश्नावलीत आता हे नामच ठेवत नाही, गस्त आणि पैसे हे दोन प्रश्न घालते. विश्लेषणात एकोपा आणि एकजूट वेगळे धरते. सुभेदारसाहेब, ‘जोडीदार’ असंच लिहू की पलटणीतलं ‘बडी’?

निवृत्त सुभेदार, कोरेगाव
वयस्करांना जोडीदार, अलीकडे निवृत्त झालेल्यांना बडी.