मदत हवी आहे: आईच्या पायमशीनवर दोरा ओवला तरी कापडाखाली नुसता गुंता होतोय

नमस्कार मंडळी, आईचं जुनं काळं पायमशीन दिवाळीनंतर साताऱ्याहून टेम्पोत घालून चिंचवडला आणलंय, लोखंडी स्टँड, चामड्याचा पट्टा, सगळं मूळचंच आहे. आम्हा दोघी बहिणींचे फ्रॉक, परकर, उशांचे अभ्रे सगळं तिने यावरच शिवलं, आता तिला सुईचं भोक दिसत नाही म्हणून चार वर्षं मशीन चादर टाकून पडून होतं. बहिणीच्या बाळंतपणाची तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि मला आईच्या मऊ झालेल्या सुती साडीची दुपटी नि चार-पाच झबली शिवायचीयेत. विकतची नकोयत, हीच हवीत.

आता अडचण सांगते. जुनी सुई गंजलेली होती म्हणून 16 नंबरच्या नव्या आणल्या, तेल दिलं, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) भरली, यूट्यूबवर बघून दोरा ओवला. पाच-सहा टाके बरे पडतात आणि मग खट्ट करून मशीन अडकतं, वरून टाका ठीक दिसतो पण कापड उलटलं की खाली दोऱ्याचं घरटं झालेलं असतं. मध्येमध्ये टाके सुटतात ते वेगळंच. खालीच गुंता होतो म्हणजे बॉबिनचाच घोटाळा असं समजून मी बॉबिन केस, म्हणजे बॉबिनची डबी, दहा वेळा काढून घातली, तिचा स्क्रू आवळला, तर आता खालचा दोरापण तुटायला लागलाय. शिवाय पाय मारताना चाक कधीकधी उलटंच फिरतं. आईला फोन केला तर म्हणते अगं नेहमीसारखा ओव की, तिच्या हाताला माहितीये पण तोंडाने सांगता येत नाही तिला. एका दुरुस्तीवाल्याने न उघडताच शटल, म्हणजे खालचा बॉबिनभोवती फिरणारा भाग, बदला म्हणून सांगितलं. खरंच बदलावं लागेल का? कुणी नीट सांगेल का प्लीज.

शिवणक्लासवाली ताई:
अजिबात बदलू नकोस, आधी हे वाच. खाली गुंता दिसला की नव्वद टक्के मुली बॉबिनच्या मागे लागतात, माझ्या क्लासमध्ये 22 वर्षं हेच बघतेय. कापडाखालचा गुंता हा बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. शटल वरच्या दोऱ्याचा फास पकडून बॉबिनभोवती फिरवतं आणि मग वरचा लिव्हर, म्हणजे सुईबरोबर वरखाली होणारा भोकाचा दांडा, तो फास पुन्हा वर ओढून घेतो. वरच्या दोऱ्याला ताणच नसेल तर लिव्हर किती ओढणार, ढिला दोरा खालीच साचत जातो.

तर दोरा पूर्ण काढ आणि पहिल्यापासून ओव. दाबफूट (कापड दाबून धरणारा पाय) वर उचललेलं असू दे, ते खाली असलं तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या घट्ट मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यामध्ये न जाता नुसता वरून घसरतो, तुझं इथेच चुकतंय असं मला वाटतं. चाक आपल्याकडे फिरवून लिव्हर एकदम वर आण. रिळावरून वरच्या आकड्यातून खाली, चकत्यांच्या मधून, मग बारीक तारेची जी छोटी स्प्रिंग आहे तिच्यात अडकवून, लिव्हरच्या भोकातून, परत खाली सुईजवळच्या आकड्यातून सुईत. ही स्प्रिंग आणि लिव्हरचं भोक, या दोन जागा घाईत हमखास सुटतात. ओवून झालं की फूट खाली टाक आणि दोरा ओढून बघ, हाताला चांगला ताण लागला पाहिजे. सहज सुळकन आला तर चकत्यांमध्ये गेलेलाच नाही, परत कर.

आणि शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची चार-चार इंच शेपटी फुटाखालून मागे घेऊन पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत धरून ठेव.

वडिलांचं मशीन रिपेअरिंगचं दुकान होतं:
ताईंनी गुंत्याचं सांगितलंय, मी सुटणाऱ्या टाक्यांचं सांगतो. यूट्यूबवर तुम्ही बहुतेक नवीन झिगझॅग मशीनचा व्हिडिओ बघितला असणार, त्यात सुईत दोरा समोरून मागे घालतात. या काळ्या मशीनला तसं नसतं, इथे सुई डावी-उजवी बसते. सुई हातात घेऊन नखाने चाचपडा, एका बाजूला वरपासून लांब खाच लागेल, तिच्या विरुद्ध बाजूला दांडा चपटा असतो. आता सुईशेजारची सरकपट्टी (सरकवून उघडायचं झाकण) उघडून चाक हाताने हळू फिरवा आणि शटलचं टोक सुईच्या कुठल्या बाजूने जातंय ते बघा. चपटी बाजू तिकडे हवी आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली की शटलला फास मिळतच नाही. ती वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा.

बॉबिन केसचा स्क्रू जितका आवळलाय तितका परत सोडा. भरलेली केस दोऱ्याला लटकवा, आपोआप घसरत खाली आली तर सैल, झटका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली तर बरोबर, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

चाक उलटं फिरलं तरी दोरा गुंततो आणि तुटतो. सुरुवात नेहमी हाताने चाक आपल्याकडे ढकलून करायची, मग पाय. दोन दिवस दोरा न घालता, फूट वर ठेवून, चाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल करून नुसते पाय मारा. त्याने सुई हलत नाही, नुसतं चाक फिरतं, पायाला लय बसते. आणि तेल कुठलं घातलंत? खोबरेल घातलं असेल तर ते चिकटून बसतं, रॉकेलने पुसून काढा आणि मशीनचंच तेल द्या.

धागाकर्ती:
तुम्हा दोघांचे किती आभार मानू! दोरा खरंच चकत्यांच्या वरूनच जात होता, मी फूट खाली ठेवूनच ओवत होते. आणि सुई उलटी होती!! तेल मशीनचंच होतं, पण शटल काढलं तर आत जुना दोरा आणि काळी मळी, दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केलं. आता पॉपलीनवर टाका दोन्हीकडून सारखा येतोय, आईला व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवला तर लगेच म्हणाली हां, आता बरोबर चाललंय.

पण साडीचं कापड लावलं की ते सुईबरोबर खाली भोकात खेचलं जातं, विशेषतः कडेला.

शिवणक्लासवाली ताई:
इतक्या विरलेल्या कापडाला 16 ची सुई फार जाड गं, 11 लाव. 16 जाड कापडाला, नेहमीच्या कॉटनला 14. खाली पातळ कागद ठेवून शिव, वर्तमानपत्राचा नको, शाई लागते, पतंगाचा किंवा ट्रेसिंगचा घे, शिवून झाला की फाडून टाकायचा. अगदी कडेपासून सुरू करू नकोस, पाव इंच आत सुरू कर. आणि झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेव, बाळाच्या अंगाला बोचत नाहीत.

धागाकर्ती:
11 आणि कागद, दोन्ही केलं, पहिलं दुपटं झालं आत्ता! एकच शेवटचं विचारते, पट्टा घसरतोय, पाय मारला तरी वरचं चाक मधूनच थांबतं. नवीन घेऊ का?

वडिलांचं मशीन रिपेअरिंगचं दुकान होतं:
चामडं तडकलं नसेल तर नको. जोडाची तार पकडीने उघडा, एका टोकाचा अर्धा इंच कापा, दाभणाने नवीन भोक पाडा आणि तीच तार परत घालून दाबा. फार घट्ट करू नका, पाय जड होतो.