भूवेष्टित महासागर की बंदिस्त समुद्र?

दालचिनी: मंडळी, एक अडलंय. टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या नकाशावरचा एक लेख मराठीत करतेय. त्याच्या हिशेबाने, म्हणजे दुसऱ्या शतकात, हिंदी महासागर हे एक भलंमोठं तळं, आफ्रिका खाली पूर्वेकडे वळून पार आशियाला भिडलेली, बाहेर पडायला वाटच नाही. असा समुद्र कधी नव्हताच, पण १५व्या शतकात त्याचं भूगोलाचं पुस्तक लॅटिनमधून युरोपात पसरलं आणि भले भले त्यावर विसंबले, १४८८ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी डियाश आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून आला तेव्हा कुठे ते तळं फुटलं. मी 'भूवेष्टित महासागर' लिहिलं तर घरातूनच ऐकलं की भूवेष्टित देश असतो, नेपाळसारखा. काय लिहू?

जुनाखलाशी: चालतंय की. वेष्टित म्हणजे वेढलेलं, मग देश असो नाहीतर पाणी. कॅस्पियनला शाळेत भूवेष्टितच म्हणायचो.

तिरफळ: वेष्टित वाचलं की मला बिस्किटाचा पुडा आठवतो. आणि महासागर कसला? ग्रीकांचा ओकेआनोस जमिनीला बाहेरून वेढणारा, जमिनीने वेढलेला तो थालासा, समुद्र. सरळ 'बंदिस्त समुद्र' लिही.

जुनाखलाशी: 'बंद' फारसी. परिभाषेत तरी संस्कृत असू दे.

तिरफळ: मग दर्याही बुडवा! आमच्याकडे रेवदंड्याला समुद्राला उधाण आलं असं कोणी म्हणत नाही, दर्याच. (टॉलेमीच्या पुस्तकातलं सिमिल्ल म्हणजे आमचं चौल समजतात, उगाच सांगून ठेवते.)

पाटीपेन्सिल: दर्या गमतीचा आहे, हिंदीत दरिया म्हणजे नदी, तिकडे मध्य आशियात अमू दर्या सिर दर्या पण नद्याच, आणि दोन्ही जायच्या कुठे तर अरल समुद्रात, जो खरोखरच चारी बाजूंनी बंद. बाकी 'समुद्र' म्हणजेच स + मुद्रा, शिक्का मारून बंद केलेला! तेव्हा बंदिस्त समुद्र ही द्विरुक्ती झाली :)

जुनाखलाशी: तो 'समुद्र' वेगळा हो, मोहोरबंद या अर्थाचा. पाण्याचा समुद्र उन्द् धातूवरून, भिजवणे. कोश उघडा जरा.

पाटीपेन्सिल: कोशवाल्यांना विनोद कळत नाही. बरं, आपल्या पुराणातले समुद्र बघा, जंबुद्वीपाभोवती खारा समुद्र, त्याभोवती प्लक्षद्वीप, मग उसाचा रस, पुन्हा द्वीप, मग सुरा, तूप, दूध, दही... सगळे जमिनीच्या कड्यांत कोंडलेले. टॉलेमीचं एकच तळं, आपली सात! 'कोंडलेला सागर' कसं वाटतं?

तिरफळ: कोंडलेला म्हणजे खुराड्यात. आणि दही आधी, मग दूध.

पाटीपेन्सिल: भागवतात दूध आधी आहे.

दालचिनी: अहो दूधदही राहू दे, उद्या लेख द्यायचाय, शीर्षकात काय टाकू?

तिरफळ: विष्णुपुराण काढून बसलेय. दहीच आधी.