अपार्टमेंटला ८ कॅमेरे आणि गेटला व्हिजिटर ॲप: कोणाला काय दिसावं, किती दिवस ठेवावं?

सचिव_२४फ्लॅट

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात नागाळा पार्कात २४ फ्लॅटची अपार्टमेंट आहे, तळाला पार्किंग, वर चार मजले. गाड्यांतलं पेट्रोल आणि बॅटऱ्या जायला लागल्यामुळं कॅमेरे बसवायचं ठरलंय. कोटेशन असं: ४ मेगापिक्सेलचे ८ आयपी कॅमेरे, सगळ्यांना २.८ एमएम लेन्स, ८ चॅनेलचा एनव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारी पेटी), ४ टीबी हार्डडिस्क. चार कॅमेरे चार मजल्यांच्या पॅसेजमध्ये, चार खाली. एनव्हीआर वॉचमनच्या केबिनमध्ये. "सगळ्या मेंबरांच्या मोबाईलवर लाईव्ह" हे वर फुकट.

शिवाय गेटला व्हिजिटर ॲप (येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारं) घ्यायचं आणि धुणंभांड्याच्या मावशी, दूधवाला, पेपरवाला यांच्या आधारची झेरॉक्स फाईलला लावायची, असाही प्रस्ताव आहे.

पॅसेजच्या कॅमेऱ्यांना काही मेंबरांचा ठाम विरोध आहे. बाकीचे म्हणतात, लपवण्यासारखं काय आहे? रविवारी जनरल बॉडी आहे. कॅमेरे कुठं असावेत, कोणी बघावेत, रेकॉर्डिंग किती दिवस ठेवावं आणि आधारचं काय करावं, जाणकारांनी सांगावं.

केबल_क्रिंपर

आधी लेन्स बघा, पॅसेजचा निम्मा वाद तिथंच मिटतो.

चेहरा पुराव्यालायक यायचा तर चित्रात दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस आहे की नाही एवढंच कळायला १२५ पुरतात. ४ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल असते, म्हणजे दृश्य साधारण १० मीटर रुंद असेपर्यंतच चेहरा कामाचा. २.८ एमएम लेन्स जवळपास १०० अंश बघते, त्यामुळं ही १० मीटर रुंदी सव्वाचार मीटरवरच भरते. त्यापलीकडं चेहरा पुराव्यालायक राहत नाही. ६ एमएम लेन्स साधारण ५० अंश बघते आणि तेच काम १० मीटरपर्यंत करते. सगळीकडं २.८ देणं हे विकणाऱ्याच्या सोयीचं आहे, कारण एकच माल ठेवावा लागतो.

पॅसेजमध्ये २.८ लावली तर दोन्हीकडची दारं चित्रात येणार आणि दार उघडलं की हॉल सोफ्यापर्यंत दिसणार. आणि पॅसेजमध्ये आलेला माणूस जिन्यानं नाहीतर लिफ्टनंच आलेला असतो, त्याचा चेहरा खाली आधीच मिळालेला असतो. म्हणून चारही पॅसेज कॅमेरे काढा. गेटला दोन (एक चेहऱ्यासाठी ६ एमएम, एक नंबरप्लेटसाठी), जिना आणि लिफ्टच्या तोंडाशी एक, पार्किंगला दोन, गच्चीच्या दाराला एक. सहात काम होतं. नंबरप्लेट रात्री आयआरच्या (कॅमेऱ्याच्या न दिसणाऱ्या इन्फ्रारेड) उजेडात पांढरी फटक येते, तेवढ्या एका कॅमेऱ्याचं शटर १/५०० च्या आसपास ठेवा.

गेटच्या कॅमेऱ्यात समोरच्या बंगल्याची खिडकी येत असेल तर प्रायव्हसी मास्क (तेवढा भाग झाकणारा चौकोन) टाका. पण तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये टाका. काही एनव्हीआर मास्क फक्त लाईव्ह चित्रावर दाखवतात आणि रेकॉर्डिंगमध्ये खिडकी उघडीच असते. एक क्लिप पेनड्राईव्हवर काढून कॉम्प्युटरवर बघितल्याशिवाय बिल देऊ नका. माईक असलेले कॅमेरे असतील तर ऑडिओ बंद करा. चोर पकडायला चित्र पुरतं, जिन्यातली बोलणी कशाला साठवायची?

आता दिवस. एच.२६५ मध्ये (चित्रण दाबून साठवायची पद्धत) २ एमबीपीएसनं एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी खातो. सहा कॅमेरे १३० जीबी. १५ दिवसांना १९५० जीबीच्या आसपास, म्हणजे २ टीबीत काठोकाठ. ४ टीबी घेतली तर डिस्क भरेपर्यंत महिना जातो आणि एनव्हीआर तोवर काही पुसत नाही, जुनं पुसणं डिस्क भरल्यावरच सुरू होतं. म्हणून डिस्क मोठी घेतलीत तरी स्टोरेजच्या सेटिंगमध्ये मुदत १५ दिवस घाला. पेट्रोल गेलेलं दुसऱ्या दिवशी कळतं, बॅटरी गेलेली लगेच. गावाला गेलेल्या मेंबरचा विचार केला तरी १५ दिवस पुष्कळ.

एनव्हीआर केबिनमध्ये नको. नागाळा पार्क म्हटल्यावर २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पाणी सांगायला नको, तळमजल्यावरची पेटी पहिली जाते. दुसरं म्हणजे केबिनमध्ये बसणारा कोणीही पेनड्राईव्ह लावू शकतो. पहिल्या मजल्यावर कुलपाच्या, जाळीच्या पेटीत ठेवा, सोबत छोटा यूपीएस.

तालीम_कट्टा

भावांनो, एवढा कीस कशाला पाडताय? पेट्रोल चोरणारा घावला म्हणजे झालं. चोवीस घरं म्हणजे एकच घर हाय, सगळ्यांच्या फोनवर दिसलं तर बिघडलं कुठं?

केबल_क्रिंपर

@तालीम_कट्टा दादा, बिघडतं ते असं. चोवीस घरांत दोन-दोन फोन धरले तरी ४८. टेक्निशियन सगळ्यांना एकच लॉगिन देतो, बहुतेक वेळा ॲडमिनचंच. भाडेकरू सोडून जातो, लॉगिन त्याच्याकडं राहतं. फोन विकला जातो, पोराच्या हातात जातो. उद्या एखादी क्लिप ग्रुपवर फिरली तर एनव्हीआरच्या लॉगमध्ये एकच नाव सापडणार: ॲडमिन. कोणी काढली हे कधीच कळणार नाही.

बाहेरच्यांचा धोका वेगळाच. २०१६ मधलं मिराई बॉटनेट (हॅकरनं कब्जा केलेल्या उपकरणांचं जाळं) कॅमेरे आणि डीव्हीआरच्या कारखान्यातून आलेल्या पासवर्डांवरच वाढलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं, तपासणीच्या खोलीतलं चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. तिथंही पासवर्ड पहिल्या दिवशीचाच होता.

सचिवसाहेब, बसवताना एवढं करून घ्या. ॲडमिनचा पासवर्ड कमिटीतल्या माणसानं स्वतः टाईप करायचा, टेक्निशियननं नाही. बरेच टेक्निशियन कावळा नाक्यापासून फुलेवाडीपर्यंत सगळ्या साईटला एकच पासवर्ड ठेवतात. आपला पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात. रोजच्या वापराला फक्त बघण्याचे अधिकार असलेली दोन वेगळी खाती, एक तुमचं, एक अध्यक्षांचं. राऊटर आणि एनव्हीआर दोन्हीकडं यूपीएनपी (बाहेरची वाट आपोआप उघडणारी सोय) बंद. पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट एनव्हीआरपर्यंत वाट) अजिबात नको, ८०, ५५४, ८००० हे पोर्ट सगळं जग दिवसरात्र चाचपत असतं. बाहेरून बघायचंच असेल तर राऊटरवर वायरगार्ड व्हीपीएन (इंटरनेटवरची कुलूपबंद खासगी वाट). ते जमणार नसेल तर कंपनीचं क्लाऊड ॲप, पण मग एनव्हीआरवरचा क्यूआर स्टिकर झाकून ठेवा आणि व्हेरिफिकेशन कोड बदला. शेवटी वायफाय बंद करून, मोबाईल डेटावरून राऊटरच्या पब्लिक आयपीला ब्राउझरमध्ये उघडून बघा. लॉगिनचं पान आलं तर काम अपुरं आहे.

घड्याळ विसरू नका. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणं) चालू, वेळ +५:३०. वीस मिनिटं मागं असलेल्या रेकॉर्डिंगवर कोर्टात पहिला प्रश्न वेळेचाच येतो.

कोर्टाची_पायरी

त्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली क्लिपसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईलचा डिजिटल ठसा) लिहावी लागते. म्हणून क्लिप एनव्हीआरमधून एक्स्पोर्ट करा, स्क्रीनचं मोबाईलवर केलेलं शूटिंग चालवू नका. एक्स्पोर्ट केल्याबरोबर कॉम्प्युटरवर शा-२५६ हॅश काढून रजिस्टरला लिहा.

हे रजिस्टर मी सगळ्यात वर ठेवेन. रेकॉर्डिंग कोणी बघितलं, कधी, कोणत्या कॅमेऱ्याचं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंतचं, कशासाठी, कॉपी दिली का आणि कोणाला. बघताना दोघं हजर असावेत. पोलिसांनी मागितलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालची लेखी मागणी घ्या आणि पोच ठेवा. मेंबरनं मागितलं तर आधी कमिटीनं बघायचं, त्याच्या तक्रारीपुरता भागच त्याला दाखवायचा. "परवा रात्री ३०२ मध्ये कोण आलं होतं" ही तक्रार नव्हे.

कायद्याचं थोडक्यात. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, पण तो मुख्यतः सरकारविरुद्ध वापरायचा. तुम्हाला लागू होईल तो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. एखाद्या व्यक्तीचा घरगुती वापर त्यातून वगळलाय, पण अपार्टमेंटची कमिटी म्हणजे व्यक्ती नव्हे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि सूचना, संमती, सुरक्षेच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. तुमच्याकडं तेवढे मागायला कोणी येणार नाही, पण आत्ता बसवताय तर त्या हिशोबानंच बसवा. फौजदारी बाजू आजही लागू आहे: बाईला खासगी क्षणी टिपणं किंवा ते चित्रण पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळीही एक ते तीन वर्षं.

जनरल बॉडीच्या ठरावात उद्देश, कॅमेऱ्यांच्या जागा, १५ दिवस, बघणाऱ्या दोन पदाधिकाऱ्यांची पदं आणि रजिस्टर एवढं घाला. गेटवर मराठीत पाटी: "या आवारात सीसीटीव्ही चालू आहे. उद्देश: वाहने व मालमत्तेची सुरक्षा. चित्रण १५ दिवस ठेवले जाते. तक्रारीसाठी संपर्क: सचिव." "तुम्ही कॅमेऱ्याच्या नजरेत आहात" असली धमकीवजा पाटी नको, तीतून कोणाला काहीच कळत नाही.

गेट_रजिस्टर

आधारबद्दल. झेरॉक्सनं काहीच सिद्ध होत नाही, फोटो बदललेली झेरॉक्स कोणीही काढू शकतो. खरं-खोटं बघायचं तर यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) अधिकृत ॲपनं कार्डावरचा क्यूआर स्कॅन करा. त्यावर डिजिटल सही असते, नाव आणि फोटो जुळतोय का बघा, रजिस्टरला "पाहिले" आणि तारीख लिहा. झेरॉक्स घ्यायचीच गरज नाही.

कोणाला द्यायचीच असेल तर मास्क्ड आधार. मायआधार पोर्टलवर लॉगिन, डाऊनलोड आधार, मास्क्डच्या चौकोनात टिक, ओटीपी. पीडीएफचा पासवर्ड नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मवर्ष. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. अडचण अशी की बऱ्याच मावशींचा मोबाईल आधारला जोडलेला नसतो, मग ओटीपी येत नाही. त्यांना केंद्राच्या रांगेत पाठवण्यापेक्षा मतदान कार्ड बघा. नाहीतर झेरॉक्स काढतानाच पहिल्या आठ आकड्यांवर आणि क्यूआरवर कागदाची पट्टी ठेवा (जुन्या कार्डांच्या क्यूआरमध्ये पूर्ण नंबर असायचा), आणि प्रतीवर आडवं लिहा: "फक्त अमुक अपार्टमेंटसाठी" आणि तारीख.

पीडीएफ झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती त्याच्या डाऊनलोड फोल्डरमध्ये पडून राहते, आणि पासवर्डही आपणच त्याला वर टाईप करून देतो! प्रिंट निघाल्यावर डिलीट करायला सांगा, रिसायकल बिनमधूनही.

एक बारकावा: २०२३ चा कायदा डिजिटल माहितीला लागू आहे. कपाटातली झेरॉक्स त्यात येत नाही. तिचा फोटो काढून कमिटीच्या ग्रुपवर टाकला की आली.

व्हिजिटर ॲपवर माझं मत जरा कडक आहे. चोवीस फ्लॅटला त्याची गरज नाही. मावशींच्या बाजूनं बघा: कोणत्या घरी किती वाजता आली, किती मिनिटांनी निघाली, कोणी किती स्टार दिले, हे सगळं मालकांना दिसतं आणि तिला स्वतःला दिसत नाही. पगार कापताना तेच पुढं येतं. घेणारच असाल तर स्टार आणि हजेरी बंद, पाहुण्याचा फोटो बंद, नोटिफिकेशन फक्त त्या-त्या फ्लॅटला, नोंदी ३० दिवसांनी आपोआप डिलीट. यातलं एखादं सेटिंग "प्रीमियममध्ये आहे" असं उत्तर आलं तर नाद सोडा.

कागदी वहीही काही सोवळी नाही. पुढचा माणूस मागच्याचा मोबाईल नंबर वाचतो, मुलींचे नंबर तिथूनच उचलले जातात. मोबाईलचा रकाना काढून टाका. नाव, फ्लॅट, वेळ, गाडीचे शेवटचे चार आकडे पुरतात. वही महिन्याला बदला, जुनी तीन महिन्यांनी फाडा.

पाचगाव_रोड

जोडप्रश्न. समोरच्या फ्लॅटवाल्यानं स्वतःचा डोअरबेल कॅमेरा लावलाय, माझं दार पूर्ण दिसतं. घरगुती वापर म्हणून त्याला सूट का?

कोर्टाची_पायरी

२०२३ च्या कायद्यातून सूट मिळेल असं तो म्हणू शकतो, पण तेवढ्यानं विषय संपत नाही. कोलकाता उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये एकाच घरात राहणाऱ्यांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात लावलेले कॅमेरे बंद करायला लावले आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. तुमची परिस्थिती वेगळी आहे, पण पॅसेज सामायिक असल्यामुळं कमिटीकडं लेखी अर्ज करता येतो. त्याआधी त्यांना ॲक्टिव्हिटी झोनमधून तुमचं दार वगळायला सांगा. पण तेवढ्यावर भागवू नका, झोन वगळला तरी चित्रात दार दिसतच राहतं, फक्त त्या हालचालीची सूचना जात नाही. पायाखाली १५ अंशांची पाचर देऊन बेल त्यांच्याच उंबऱ्याकडं वळवणं हा खरा उपाय.

सचिव_२४फ्लॅट

सगळ्यांचे आभार. सहा कॅमेरे, ६ एमएम आणि पॅसेज वगळून नवीन कोटेशन मागवलंय. एक राहिलं: डिस्क खराब झाली की टेक्निशियन वॉरंटीत बदलून देतो आणि जुनी घेऊन जातो. त्यातल्या चित्रणाचं काय?

केबल_क्रिंपर

एनव्हीआरमधून फॉरमॅट केलं तरी चित्रण जात नाही, फक्त त्याची यादी पुसली जाते. रिकव्हरी सॉफ्टवेअरनं बरंचसं परत येतं. डिस्क चालू असेल तर काढून कॉम्प्युटरला लावा आणि पूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहा. १५० एमबी प्रतिसेकंद धरले तर ४ टीबीला साडेसात तास, रात्री लावून झोपा. डिस्क मेलेली असेल तर पुसता येत नाही. मग वॉरंटी सोडा आणि मधल्या तबकड्यांतून ड्रिलनं आरपार तीन-चार भोकं पाडा. कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून घ्या: "नादुरुस्त हार्डडिस्क अपार्टमेंटकडेच राहील."

आणि एसडी कार्ड असलेले कॅमेरे दिले असतील तर तेही उघडून बघा. बरेच जण डिस्क सांभाळतात आणि कार्डात तेच चित्रण तसंच राहतं.