रोबो पोरं बनवतात की पोरांचे बाप?

मिशिगनचा_हिवाळा

परवा इथेच एकांनी लिहिलं होतं, "शाळेची रोबोटिक्स टीम म्हणजे पैसेवाल्यांची भातुकली. रोबो बाप बनवतो, पोरगं रिमोट धरून फोटो काढून घेतं आणि कॉलेजच्या अर्जात एक ओळ वाढते." तिथेच उत्तर टंकायला बसलो, पण ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

डेट्रॉइटजवळच्या एका सरकारी शाळेच्या एफआरसी (फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, शाळकरी मुलांची रोबोंची स्पर्धा) टीमला मी सहा वर्षं मेंटर म्हणून जातोय. जानेवारीत त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो, मार्चमध्ये स्पर्धा सुरू. मधल्या आठवड्यांत शंभर-सव्वाशे पौंडांचं धूड उभं करायचं. बाहेर बर्फ, आत शाळेच्या वर्कशॉपमध्ये गार पिझ्झा आणि अॅल्युमिनियमचा कीस.

थोरली नववीत असताना माझ्याशी "हं" आणि "नको" एवढंच बोलायची. टीममध्ये गेली आणि तिच्याकडे बंपर आले. रोबोच्या चहूबाजूंनी प्लायवूड, त्यावर पोहायच्या तलावातल्या फोमच्या नळ्या, त्यावर लाल नाहीतर निळं कापड. आईच्या मशीनवर शिवले तिने. पहिल्याच स्पर्धेत एक बंपर मॅचमध्ये निखळून पडला. नियम असा की बंपर पडला की रोबो बंद, उरलेला वेळ मैदानात ठोकळा होऊन उभं राहायचं. पोरगी दहा मिनिटं रडली. मग शेजारच्या पिटमधल्या (पिट म्हणजे टीमची रोबो दुरुस्त करायची जागा) टीमने आपली स्टेपल गन आणि दोन हात दिले. ही तीच टीम, जी पुढच्या मॅचमध्ये आमच्या विरुद्ध होती! या स्पर्धेशी जोडलेले एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स ज्याला 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम' म्हणायचे, म्हणजे जिद्दीने खेळा पण समोरच्यालाही मदत करा, ते हेच. मला आधी ते भिंतीवरचं सुभाषित वाटायचं.

आता माझं. अठरा वर्षं गाड्यांच्या धंद्यात काढली, त्यातली शेवटची दहा एक्सेल आणि मीटिंगांत. टीममध्ये पहिल्या वर्षी मी एका पोराच्या हातातून पाना हिसकावून घेतला, कारण तो बोल्ट तिरका घालत होता. तिथले एक निवृत्त टूलमेकर आजोबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "हात खिशात." बस. पोरगं चुकीच्या ठिकाणी भोक पाडतंय हे दिसत असताना खिशात हात घालून उभं राहणं मला कुठल्याही मॅनेजमेंटच्या कोर्सने शिकवलं नव्हतं. त्यामुळे "रोबो बाप बनवतो" हे वाचून टाळकं सटकलं.

आणि हो, थोरली इंजिनियर झाली नाही. नर्सिंग करतेय. तेव्हा अर्जातल्या ओळीचं काय ते तुम्हीच ठरवा.

खवचट_काका

ते परवाचे 'एक' म्हणजे मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती.

एफआरसीची नुसती नोंदणी सहा हजार डॉलरच्या घरात आहे. म्हणजे पाचेक लाख रुपये. त्यात प्रवास नाही. पाच लाख भरून तुम्ही हात खिशात घालायला शिकलात. आमच्याकडे थंडीत फुकट शिकतात.

पुण्यात भाच्याची स्पर्धा बघायला गेलो होतो. लाइन फॉलोअर (काळ्या पट्टीवरून आपोआप चालणारी गाडी) वळणावर गेला भरकटत. परीक्षकांनी विचारलं, "थ्रेशोल्ड किती ठेवलाय?" म्हणजे काळं-पांढरं ओळखायची हद्द. पोरगं बापाकडे बघतंय, बाप फोनवर क्लासवाल्याला विचारतोय. क्लासची फी तीस हजार. शेवटी सगळ्यांना पदक. सगळ्यांना! माझ्या बहिणीने ते शोकेसमध्ये लावलंय, कपांच्या शेजारी. कपही कोणी वापरत नाही.

मिशिगनचा_हिवाळा

काका, तो क्लासचा धंदा झाला, टीम नव्हे. दोन्हीची गल्लत करू नका. पैशाचं म्हणाल तर मिशिगन राज्य सरकार शाळांना रोबोटिक्ससाठी अनुदान देत आलंय, म्हणून तर अमेरिकेत सगळ्यात जास्त टीम्स इथे आहेत. उरलेला पैसा पोरं दारोदार फिरून गोळा करतात.

आणि हे नुसतं माझ्या घरचं पुराण नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१२ पासून या मुलांचा माग ठेवलाय, तुलनेला टीमबाहेरची मुलंही घेतली आहेत. टीममधल्या मुलांचा विज्ञान-तंत्रज्ञानाकडे ओढा जास्त दिसतो, आणि हा फरक मुलींमध्ये अधिक.

खवचट_काका

तो अभ्यास करवून कोणी घेतला, तेही लिहा की. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेनेच. हलवायाने जिलबीवर अभ्यास करवला, जिलबी गोड निघाली.

बापू_मास्तर

वाद थोर आहे, पण दोघेही फार वरून बोलताय. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, विषय भूगोल. आधीच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली, पोरांनी हाताने करून शिकायची प्रयोगशाळा) होती. सरकार त्यासाठी वीस लाखांपर्यंत देतं, निम्मे उभारणीला, निम्मे पाच वर्षांच्या खर्चाला. म्हणजे पैसे नाहीत हे रडगाणं तिथे नव्हतं. लॅबला कुलूप होतं आणि किल्ली हेडसरांच्या कपाटात. थ्रीडी प्रिंटरवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. "तुटलं-फुटलं तर ऑडिटला काय दाखवू?" असं हेडसरांचं म्हणणं. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं, भरपाई त्यांच्याच पगारातून झाली असती.

एका दिवाळीनंतर हट्टाने किल्ली घेतली. सातवी-आठवीची अकरा पोरं. यूट्यूब बघून लाइन फॉलोअर केला. पांढऱ्या फ्लेक्सच्या उलट बाजूवर काळी इन्सुलेशन टेप. सकाळी गाडी अशी शहाण्यासारखी चालायची, आणि दुपारी तीच गाडी वेड्यासारखी भिंतीवर. चार दिवस डोकं फोडलं. सेल बदलले, वायरी बदलल्या, प्रोग्राम पुन्हा चढवला. शेवटी आठवीतल्या दोघी म्हणाल्या, "सर, दुपारी ऊन या खिडकीतून येतं." सेन्सर इन्फ्रारेडचा, आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर! लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून त्यांनी सेन्सरला परकरासारखा गुंडाळला. गाडी दुपारीही सरळ.

आता हसा. सूर्य कुठल्या महिन्यात कुठून तिरपा येतो, हे बावीस वर्षं मी शिकवतोय. मला सुचलं नाही. "मला माहीत नाही, चला बघू" हे वाक्य मी वर्गात पहिल्यांदा त्या चार दिवसांत म्हटलं. पोरांचा काय फायदा झाला ते पोरं सांगतील, माझा एवढा झाला.

पुढे मार्च आला. एका पालकाने तक्रार केली की पोरगं गणितात मागे पडलं. जूनमध्ये माझी बदली झाली. लॅबला आता परत कुलूप आहे म्हणतात. म्हणून खवचटकाकांचं पूर्ण पटत नाही, आणि मिशिगनवाल्यांचा उत्साहही पचत नाही. मास्तर गेला की सगळं गेलं, याला टीम म्हणायचं का?

झब्बू

बापू मास्तर, लग्नपत्रिकेचा परकर +१. बाकी चालू द्या, शेंगदाणे घेऊन बसलोय.

तापकीर_गल्ली

अवांतर आहे, पण राहवत नाही. तुम्ही ज्याला रोबोटिक्स म्हणताय ते आम्ही मंडळात करत होतो. गणपतीचे हलते देखावे. मोटारीच्या वायपरची मोटर जुन्या बाजारातून उचलायची, बारा व्होल्टवर चालते आणि आत वर्म गियर असतो, जो मोटर फिरवते पण वरच्या भाराने उलटा फिरत नाही. त्यामुळे वीज गेली तरी हनुमानाचा वर केलेला हात वरच राहतो, खाली लोंबत नाही. हे मला कोणत्याही कॉलेजने शिकवलं नाही, मी दहावीला दोनदा बसलोय.

एका वर्षी कालियामर्दन केलं होतं. उद्घाटनाच्या संध्याकाळी कळलं की क्रँक (मोटरची गती मूर्तीला देणारा दांडा) उलटा बसलाय. कृष्ण पाण्यात आणि कालिया वर! आरतीला वीस मिनिटं, बाहेर नगरसेवक हजर. आम्ही तिघं स्टेजखाली पालथे पडून, तोंडात टॉर्च धरून क्रँक फिरवला. वर 'सुखकर्ता' सुरू झालं तेव्हा कृष्ण डोक्यावर नाचत होता. हे तुमच्या जानेवारी ते मार्चच्या धडपडीपेक्षा कमी होतं का? वर्गणी काढली, हिशेब फळ्यावर लिहिला, सीनियर पोरांनी ज्युनियरला शिकवलं. नोंदणी शून्य डॉलर.

आज माझं पॅनेल वायरिंगचं वर्कशॉप आहे. पाया तोच.

मिशिगनचा_हिवाळा

वा! आमच्या खेळाच्या सुरुवातीच्या काळात किटमध्ये गाड्यांच्या खिडक्या वरखाली करायच्या मोटरीच असायच्या. १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये अठ्ठावीस टीम्सवर सुरू झालेलं प्रकरण आहे हे. तुमची आणि त्यांची एकच जातकुळी. २००८ ची आशियाई रोबोकॉन (कॉलेजच्या मुलांची रोबो स्पर्धा) पुण्यात झाली तेव्हा तिचा विषय गोविंदा, म्हणजे दहीहंडीच होता, आठवतं का?

खवचट_काका

झालं. रोबोटिक्सवरून मंडळावर आलो. त्या कृष्णाच्या मागे दहा दिवस जे स्पीकर लावता, त्याचाही वर्म गियर सांगा कधी. माझ्या वडिलांच्या बायपासनंतर खिडक्यांना गाद्या लावून बसलो होतो आम्ही. आणि वर्गणीला 'काढली' म्हणू नका. चार जण दारात उभे राहून आकडा सांगतात त्याला वेगळा शब्द आहे.

तापकीर_गल्ली

काका, स्पीकरचं तोंड आमच्याकडे वळवू नका. आमचं मंडळ देखाव्याचं, डीजे लावणारे वेगळे. सरसकट सगळ्यांना एकाच मापाने मोजायचं असेल तर बोलणंच खुंटलं. आणि वडिलांचं वाईट वाटलं, पण त्या रात्री अॅम्ब्युलन्सला रस्ता मोकळा करून द्यायलाही कुठल्यातरी मंडळाचीच पोरं धावली असतील.

खवचट_काका

प्रकाटाआ.

(लिहिलं होतं, काढलं. पोरं धावली होती, हे खरं आहे. पुढे काही विचारू नका.)

पूर्वा_ठाणे

तापकीर दादा, देखावा वाचून मजा आली. एक विचारू? स्टेजखाली पालथे पडलेल्या त्या तिघांत मुलगी किती?

आमच्याही सोसायटीच्या मंडळात हलता देखावा असायचा. मी अकरावीत, फिजिक्समध्ये पहिली. मला प्रसादाच्या द्रोणांत शिरा भरायला बसवायचे. एकदा मोटर अडकली म्हणून वाकून बघायला गेले तर एक काका म्हणाले, "बेटा, साडी खराब होईल." ही तुमची फुकटची पाठशाळा. फी नव्हती, पण प्रवेश कोणाला होता?

तापकीर_गल्ली

ताई, तेव्हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत काम चालायचं. घरचे मुलींना सोडायचे नाहीत, त्यात आमचा काय दोष?

पूर्वा_ठाणे

दोष नाही हो, सोय होती. तुमची.

मिशिगनचा_हिवाळा

म्हणूनच म्हणतो, शाळेची टीम हवी. वेळ ठरलेली, मोठी माणसं हजर, मुलींना रीतसर जागा. आमच्या टीममध्ये जवळजवळ निम्म्या मुली आहेत.

पूर्वा_ठाणे

निम्म्या आहेत, छान. करतात काय? तुमची पोस्ट परत वाचली. मुलगा बोल्ट घालत होता, दुसरं एक पोरगं भोक पाडत होतं, आणि तुमच्या मुलीच्या वाट्याला काय आलं? शिवणकाम.

मिशिगनचा_हिवाळा

हे जरा अती होतंय. बंपर हे दुय्यम काम नाही. नियमावलीत त्याच्यावर पानंच्या पानं आहेत, तपासणीत बरेच रोबो तिथे अडकतात. तिला ते आवडत होतं. प्रत्येक ठिकाणी हाच चष्मा लावायचा असेल तर चर्चा कशाला?

बापू_मास्तर

मिशिगनराव, रागावू नका. माझ्याकडे उन्हाचं त्या दोघींनी ओळखलं, पण तालुक्याच्या प्रदर्शनात गाडी चालवायला उभा केला तो एक मुलगा. "तो नीट बोलतो" म्हणून. निवड मीच केली होती. वर लिहिताना ती ओळ मी गाळली.

झब्बू

शेंगदाणे संपले. कोणी चहा टाका.

मिशिगनचा_हिवाळा

दोन दिवसांनी लिहितोय. काल थोरलीला फोन केला होता. पूर्वाताईंना खोटं पाडायला केला, हे कबूल करतो. विचारलं, "बंपर तूच मागून घेतले होतेस ना?"

म्हणाली, "बाबा, मला ड्रिल प्रेस (भोकं पाडायचं मशीन) हवं होतं. तिथे दोन मुलं आधीच उभी होती, सरकलीच नाहीत. तुम्ही शेजारीच होतात."

मी म्हटलं, मग सांगायचं नाही का? तर म्हणाली, "तुमचे हात खिशात होते ना."

असो. शेवटच्या वर्षी ती पिटची प्रमुख झाली होती आणि त्या मशीनला कोणी कधी हात लावायचा याचा तक्ता तिनेच भिंतीवर लावला होता. मला वाटत होतं, गर्दी होते म्हणून लावला. येत्या जानेवारीत तो तक्ता पहिल्याच दिवशी लावतो. बाकी माझं रोबोटिक्सबद्दलचं मत जिथे होतं तिथेच आहे.

पूर्वा_ठाणे

मतं हलवायला मी आले नव्हते. तक्त्याचा फोटो टाका, आमच्या सोसायटीत दाखवायचाय.

खवचट_काका

मुलगी हुशार आहे. बापाच्या रोबोटिक्सवर गेली नाही हे बरं झालं. "रोबो बाप बनवतो" एवढं वाक्य मागे घेतो. हा बाप तर नुसताच उभा होता.

बापू_मास्तर

तापकीर दादा, एक कामाचं विचारतो. नव्या शाळेत लॅबच नाही, त्यामुळे किल्लीची भानगडही नाही. वायपरची मोटर जुन्या बाजारात कितीला पडेल? मोटरसायकलच्या बॅटरीवर चालेल का?

तापकीर_गल्ली

चालेल. पण अडकली की करंट एकदम वर चढतो, वायर जाड घ्या आणि मध्ये फ्यूज टाका. भाव विचारू नका, माझ्याकडे तीन पडून आहेत, पार्सल करतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि सर, पहिला पाना त्या मुलींच्या हातात द्या, नाहीतर ठाण्याच्या ताई परत येतील.