डिस्क शेवटच्या घटका मोजतेय: आधी डेटा बाहेर, रेडची डागडुजी मागाहून

ऐरोलीकर
माझं मत आधीच सांगून टाकतो, पटत नसेल तर जरूर खोडा. घरच्या सर्व्हरमधली डिस्क कुरकुरायला लागली की सगळीकडून एकच सल्ला येतो: नवी डिस्क आणा, जुनी उपटा, रीबिल्ड लावा, म्हणजे बाकीच्या डिस्कांवरून तिचा मजकूर नवीवर पुन्हा उभा करा. मला हा सल्ला घातक वाटतो. आधी डेटा बाहेर काढायचा.

माझ्याकडे जुन्या डेस्कटॉपमध्ये ४ टीबीच्या चार डिस्क आहेत, लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड-५, म्हणजे चारही मिळून एकच मोठी डिस्क भासावी आणि एक गेली तरी डेटा वाचावा अशी जोडणी. वापरायला १२ टीबी, त्यातले ७ भरलेत. चारही डिस्क एकाच दिवशी लॅमिंग्टन रोडवरून आणल्या होत्या. प्रत्येकीचे ४३ हजार तास झालेत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं अखंड चालू. रविवारी तिसऱ्या डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, पाहिला. १९७ क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचताना अडलेले आणि अजून निकाल न लागलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), ४८ होते. बुधवारी ११२ झाले. पहिल्या डिस्कवरही ५ क्रमांकाच्या ओळीत १६ सेक्टर बदलून झालेले दिसतात.

आत काय आहे तेही सांगतो. बाबांनी आकाशवाणीवरून टेप केलेलं नाट्यसंगीत, दीडशे कॅसेट. दोन वर्षं रोज रात्री बसून मी त्या उतरवून घेतल्या. मूळ कॅसेट आमच्या खाडीकाठच्या दमट हवेत बुरशी धरून गेल्या. एका कॅसेटच्या शेवटी आजी बाबांना जेवायला हाक मारते. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

रेड-५ मध्ये पॅरिटी, म्हणजे हरवलेला मजकूर हिशेबाने परत काढायची जादा नोंद, एकाच डिस्कपुरती. एक डिस्क काढली की उरलेल्या तिन्हींचा सेक्टर अन् सेक्टर वाचावा लागतो, रिकामी जागा धरून १२ टीबी. रीबिल्डला फाइल कळत नाही, तो पहिल्या सेक्टरपासून शेवटापर्यंत चालत जातो. कॉपी करताना क्रम माझ्या हातात असतो. कॅसेट पहिल्या तासात बाहेर, सिनेमे राहिले तर राहिले.

घोडबंदर
साफ असहमत. 'जुनी उपटा' हा सल्ला चुकीचाच आहे, पण तुम्ही त्या चुकीच्या सल्ल्याशी भांडून बरोबर पद्धतही मोडीत काढताय.

एमडीएडीएममध्ये, म्हणजे लिनक्सचं रेड सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, 'रिप्लेस' आहे. जुनी डिस्क जागेवर ठेवून नवी पाचव्या पोर्टला लावायची. तो आजारी डिस्कवरून सरळ नवीवर उतरवत जातो आणि जिथे सेक्टर वाचता येत नाही तिथेच फक्त बाकीच्या तिघींकडून पॅरिटीने भरून काढतो. एकही क्षण ॲरे, म्हणजे हा चार डिस्कांचा संच, उघडा पडत नाही. एकूण ४ टीबी वाचन, सात-आठ तासांचं काम. तुमच्या कॉपीत चारही डिस्क राबणार, आणि लहान लहान फाइली असतील तर हेड नुसतं इकडून तिकडे धावणार. पहिली डिस्क आधीच कमजोर आहे म्हणता, मग तिच्यावर हा भार कशाला?

'१२ टीबी वाचताना एरर येणारच' असं जे म्हणतात तेही तपासून घ्या. कंपन्या शंभर लाख कोटी बिटांमागे एक चूक लिहितात, त्याचे साडेबारा टीबी होतात. पण ती वरची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अख्खा ॲरे तपासतं. माझा २४ टीबीचा ॲरे त्यातून अनेकदा निर्वेध पार पडलाय.

नेरूळची
घोडबंदर, तुमची पद्धत तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहे, तरी मी ऐरोलीकरांच्या बाजूने आहे. रिप्लेस यशस्वी झालं तरी त्यांच्या हाती काय येतं? एक नवी डिस्क आणि पाच वर्षांच्या, एकाच खेपेतल्या तीन म्हाताऱ्या. कॅसेटची प्रत तेव्हाही एकच.

कॉपी लावण्याआधी एक गोष्ट मात्र कराच. साध्या डेस्कटॉप डिस्का खराब सेक्टर दिसला की मिनिट-मिनिटभर झटत बसतात. लिनक्स ३० सेकंद वाट बघतं आणि डिस्क मेली असं समजून ती रीसेट करतं. पुढे ती ॲरेतून हाकलली जाऊ शकते. डिस्क जिवंत असते, नुसतं वेळेचं गणित जुळलेलं नसतं. डिस्कला एससीटी ईआरसी (खराब सेक्टरवर किती वेळ झटायचं याची मर्यादा) येत असेल तर ती मर्यादा ७ सेकंदांवर आणा, नसेल तर लिनक्सची मुदत १८० सेकंद करा. माझ्याकडे याच कारणाने दोन डिस्क एका रात्रीत बाहेर पडल्या होत्या. तेव्हा मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊ शकले नव्हते.

वर्तकनगर
इतका खल कशाला? मशीन बंद करा, आजारी डिस्क काढा, डीडीरेस्क्यू या मजकूर वाचवणाऱ्या प्रोग्रामने नवीवर क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करा. ते आधी चांगला भाग उचलतं, अडलेल्या जागा नकाशात नोंदवून शेवटी खरवडतं. मग क्लोन ॲरेत लावा.

घोडबंदर
वर्तकनगर, इथे हे करू नका, कळकळीने सांगतो. जे सेक्टर वाचले गेले नाहीत, तिथे क्लोनवर शून्यं राहतात. नवी डिस्क ती शून्यं बिनतक्रार वाचून देते. रोजच्या वाचनात एमडी (लिनक्सचं रेड) पॅरिटी पडताळत नाही, म्हणजे गाण्याच्या मधोमध भोक पडेल आणि कुणाला कळणारही नाही. बाकीच्या तिघींकडे खरा मजकूर असताना तो वाया घालवायचा? डीडीरेस्क्यू दुसरी डिस्कही गेल्यावरचं औषध आहे.

वर्तकनगर
हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. सल्ला मागे घेतो.

खारघर
हे सगळं घरी ठेवताच कशाला? क्लाउडवर टाका.

नेरूळची
१०० एमबीपीएसच्या अपलोडने ७ टीबीला साडेसहा दिवस लागतात, तेही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. तोवर ती डिस्क थांबेल? कॅसेटची एक प्रत नंतर जरूर चढवावी. आजच्या घाईत तो मार्ग नाही.

ऐरोलीकर
काल रात्री काम केलं, ते सांगतो. नेरूळताई, तुमचं आधी ऐकलं. दोन डिस्कना ईआरसी होतं, दोन्हींना ७ सेकंद लावले. उरलेल्या दोघींसाठी १८० ची मुदत. फाइल सिस्टीम रीड-ओन्ली केली, टॉरेंट आणि फोटोंचं इंडेक्सिंग बंद केलं. मशीन माळ्यावरून खाली आणून पंख्याखाली ठेवलं, डिस्कांचं तापमान ४९ वरून ३८ वर आलं.

कॅसेट आणि घरचे फोटो मिळून ४०० जीबी. यूएसबी डिस्कवर सवा तासात उतरले. पहाटेपर्यंत जागून दोन्हीकडचे चेकसम (फाइलीच्या मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवले, सगळे जुळले. आजीची हाक ऐकली आणि मगच झोपलो. सकाळी ती डिस्क नौपाड्याला बहिणीकडे ठेवून आलो.

घोडबंदर, आता तुमच्याशी. आजारी डिस्क जागेवरच राहू द्यायची, हे तुमचं शंभर टक्के मान्य. कॉपी चालू असताना लॉगमध्ये अकरा वेळा 'रीड एरर करेक्टेड' आलं, म्हणजे बाकीच्या तिघींनी तिला सावरून घेतलं. उपटली असती तर हे आपोआप झालं नसतं. पण रिप्लेस मी करणार नाही. उरलेले साडेसहा टीबी गिगाबिट केबलवरून दुसऱ्या मशीनकडे निघालेत, १६-१७ तास लागतील. तिथे नव्या दोन डिस्कांचा मिरर आहे, दोन्हींवर एकच मजकूर. हा चार डिस्कांचा ॲरे मोडणार.

घोडबंदर
कॅसेट वाचल्या याचा मनापासून आनंद झाला. तरी माझं मत तेच आहे: ४०० जीबी काढून झाल्यावर रिप्लेस लावून मग बाकीचं हलवलं असतं, तर आजचे १७ तास पहिल्या डिस्कवर नजर ठेवत बसावं लागलं नसतं. ५ ची ओळ दर तासाला बघत राहा. १६ चे २० झाले तर कॉपी थांबवा आणि इथे लिहा, मी रात्री एकपर्यंत जागा आहे. पाचवी डिस्क हवी असेल तर माझ्याकडे ४ टीबीची कोरी आहे, कापूरबावडीला येऊन घेऊन जा.

ऐरोलीकर
आत्ता रात्रीचे साडेदहा. १६ च आहेत. २.१ टीबी पार.