किडनी पोटॅशियम बाहेर टाकते म्हणजे नेमकं काय करते?

तळजाईकर:
बाबा ७१ वर्षांचे. बीपीसाठी टेल्मिसार्टन आधीपासून होतीच, दोन महिन्यांपूर्वी पायाच्या सुजेसाठी स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाली. रोज टेकडीवरून उतरताना एक शहाळं ठरलेलं. परवा रक्तातलं पोटॅशियम ५.८ आलं, म्हणजे जास्त, डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला (नॉर्मल आला), शहाळं बंद केलं आणि स्पायरोनोलॅक्टोनही. पण क्रिएटिनिन (किडनीची गाळण कशी चाललीय ते दाखवणारी तपासणी) १.३ च आहे हो, मग पोटॅशियम अडकलं कुठे?

फिजिओवाली:
गाळण कमी झाली म्हणून नाही, नळ बंद झाला म्हणून अडकलं. गाळलेलं पोटॅशियम बहुतेक सगळं वाटेतच परत शोषलं जातं, लघवीत जातं ते किडनीतल्या बारीक नळीच्या शेवटच्या भागातल्या पेशींनी मुद्दाम सोडलेलं असतं. त्या पेशीत रक्ताच्या बाजूचा पंप ३ सोडियम बाहेर काढून २ पोटॅशियम आत घेतो, आणि लघवीच्या बाजूला दोन दारं, ईनॅक नावाच्या चॅनलमधून सोडियम आत येतं, रॉमके नावाच्या चॅनलमधून पोटॅशियम बाहेर जातं. सोडियम आत आलं की लघवीची बाजू निगेटिव्ह होते आणि तो चार्जच पोटॅशियमला ओढून घेतो, म्हणून पहिलं दार मिटलं की दुसरं उघडं असून फारसा उपयोग नाही. हे सगळं वाढवणारं हार्मोन म्हणजे अल्डोस्टेरॉन. टेल्मिसार्टन ते कमी करते, स्पायरोनोलॅक्टोन ते पेशीत जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवते. दोन्ही एकत्र, वर पोटॅशियमने भरलेलं शहाळं.
घरात लो सोडियम मीठ आहे का? नक्की बघा.

कोथरूडची_लेक:
आमचं उलटं झालेलं. आई फ्युरोसेमाइडवर (लघवी वाढवणारं औषध), पोटॅशियम २.९, सिरप देऊन देऊन थकलो तरी चढेना. मग कोणीतरी मॅग्नेशियम तपासायला सांगितलं, ते कमी निघालं, ते भरल्यावर पोटॅशियम चढायला लागलं. असं का होतं?

फिजिओवाली:
किती छान उदाहरण दिलंत! पेशीतलं मॅग्नेशियम आतल्या बाजूने रॉमकेच्या तोंडाशी बुचासारखं बसतं आणि पोटॅशियमचं बाहेर जाणं आवरतं. मॅग्नेशियम संपलं की बूच निघालं, मग वरून कितीही ओता, खालून गळतंच. फ्युरोसेमाइडने शेवटच्या भागात सोडियम आणि पाण्याचा लोंढाही जास्त येतो, आणि प्रवाह वाढला की उघडणारी बीके चॅनल्स तिथे वेगळी आहेत, तीही पोटॅशियम सोडतात.

तळजाईकर:
आत्ता स्वयंपाकघरात जाऊन पाकीट वाचलं. पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय! वहिनीने बाबांच्या बीपीसाठीच म्हणून आणलेलं, आमटी-भाजी सगळं त्यातच चाललं होतं. काढून ठेवलं, डॉक्टरांना फोन करून सांगितलं पण. सोमवारी परत रक्त द्यायचंय, रिपोर्ट आला की इथे लिहितो.